साइट बंद ठेवायची वेळ कालनिर्णयात बघ

पत्र:

ताई, मी २५ वर्षांचा आहे. आमच्या गावच्या दत्तसंस्थानच्या भक्तनिवासाची वेबसाइट सांभाळतो, नोकरी दुसरीकडे आहे, हे सेवा म्हणून करतो. साइट वर्डप्रेसवर (वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर) आहे. खोल्यांचं बुकिंग ३० दिवस आधी उघडतं, रोज रात्री १२ ला पुढची एक तारीख आपोआप ओपन होते. बुकिंगचं प्लगिन (वर्डप्रेसला जोडलेलं छोटं सॉफ्टवेअर) आणि पीएचपी (वर्डप्रेस ज्या भाषेवर चालतं ती) दोन्ही जुनं झालं होतं म्हणून २८ जूनला रविवारी रात्री १२ वाजून ५ मिनिटांनी साइट मेंटेनन्सवर टाकली. ट्रस्टी काकाच म्हणाले होते की रात्री बाराला कोण बघतंय. १:४० ला परत सुरू केली तर ३१ जणांचे पैसे गेलेले आणि बुकिंग एकाचंही नाही. नाशिकच्या एक आजी साडेबारापासून ऑफिसच्या नंबरवर फोन करत होत्या, व्यवस्थापक काकांनी तो पहाटे काकड आरतीच्या आधी उचलला. आता सगळे म्हणतायत साइटला हात लावू नकोस. पण होस्टिंगचा, म्हणजे साइट ठेवायला भाड्याने घेतलेल्या सर्व्हरचा, प्लॅन ३१ जुलैला संपतोय, नवीन सर्व्हरवर न्यायचंच आहे. पुण्यातला डेव्हलपर म्हणतो एक मिनिटही बंद न ठेवता करता येतं, पण तो खर्च ट्रस्टला झेपणारा नाही. काका म्हणतात आता रात्री २ ते ५ कर. मी नेमकं कधी करू आणि कसं करू?

उत्तर:

तुझं पत्र वाचलं आणि आधी भिंतीवरचं कालनिर्णय काढून बघितलं. २८ जूनची रात्र म्हणजे १२ वाजता २९ जून लागला, आणि २९ जूनला ३० दिवसांनंतरची कुठली तारीख उघडली तर २९ जुलै. म्हणजे गुरुपौर्णिमा. दत्ताच्या ठिकाणी, वर्षातल्या सगळ्यात मोठ्या दिवसांपैकी एकाचं बुकिंग ज्या मिनिटाला उघडलं त्याच्या पाचव्या मिनिटाला साइट बंद झाली. तुझ्याकडून मुद्दाम काहीच झालेलं नाही रे, पण "रात्री बाराला कोण बघतंय" या प्रश्नाचं उत्तर त्या रात्री होतं की सगळेच बघतायत, गजर लावून बघतायत.

शेड्यूलचं नंतर सांगते, आधी ते ३१ जण. पेमेंट गेटवेच्या (ऑनलाइन पैसे घेऊन देणाऱ्या सेवेच्या) डॅशबोर्डवर त्या रात्री १२ ते १:४० मधली सगळी पेमेंट काढ, नाव, नंबर, रक्कम, वेळ एका शीटमध्ये घे. तिथे कॅप्चर्ड दिसत असेल तर ते पैसे ट्रस्टकडे पोचलेले आहेत, म्हणजे बँक ते आपोआप परत करेल अशी वाट बघत बसू नकोस, रिफंड ट्रस्टनेच टाकायचाय. झालं काय असेल तर लोक १२:०२, १२:०३ ला पेमेंटच्या पानावर गेले, यूपीआय अ‍ॅपमध्ये पिन टाकला, गेटवेने पैसे घेतले आणि तुझ्या साइटला निरोप पाठवला की पैसे आले आता बुकिंग पक्कं कर, आणि निरोप घ्यायला साइट जागेवर नव्हती. गेटवे असे निरोप काही वेळ परत परत पाठवत राहतात, त्यामुळे १:४० नंतर काही आलेही असतील, पण तोवर प्लगिनने खोलीवरचा होल्ड सोडून दिलेला असणार. प्रत्येकाला फोन करायचा, मेसेज नाही, फोन. संस्थानच्या राखीव खोल्या असतीलच, ट्रस्टींना सांग की यातल्या जेवढ्यांना देता येतील तेवढ्या द्या, वयस्कर माणसं आधी. बाकीच्यांना रिफंड, आणि रिफंड खात्यात दिसायला काही दिवस लागतात हेही फोनवरच सांगायचं म्हणजे ते पुन्हा काळजीत पडणार नाहीत. नाशिकच्या आजींचा फोन पहिला. हे अजून झालेलं नसेल तर हे उत्तर पुढे वाचायचं थांबव आणि ते करून ये.

आता वेळेचं. वेबसाइट सांभाळणाऱ्या आपल्या सगळ्यांच्या डोक्यात एक ठरलेलं असतं की मेंटेनन्स म्हणजे मध्यरात्र. बँका तसं करतात, आयआरसीटीसी रोज रात्री ११:४५ ते १२:२० बंद असतं, म्हणून आपणही. पण आयआरसीटीसीने ती वेळ निवडली कारण त्यांचं पुढच्या तारखेचं बुकिंग सकाळी ८ ला उघडतं आणि तत्काळ १० आणि ११ ला, म्हणजे मध्यरात्र त्यांच्यासाठी खरंच रिकामी आहे. तुझ्याकडे उलट आहे. आणि दुसरं बघ, मुंबईत रेल्वेचा मेगाब्लॉक कधी असतो? रविवारी, दिवसाढवळ्या, माटुंगा ते मुलुंड वगैरे साधारण सकाळी ११ ते दुपारी ४ च्या दरम्यान. रात्री गाड्या बंद असतात त्या थोड्या तासांत मोठं काम मावत नाही, आणि रविवारी दुपारी ऑफिसची गर्दी नसते, म्हणून तो दिवस. त्यांनी दुसऱ्याचं बघून वेळ ठरवली नाही, आपल्या प्रवाशांचा आठवडा बघून ठरवली. तुला भक्तांचा आठवडा बघायचाय, आणि तुझ्या बाबतीत आठवडा पुरत नाही, महिना बघायला लागतो, तोही तिथीचा.

हे मला फार महत्त्वाचं वाटतं म्हणून जरा सविस्तर लिहिते. बुकिंग ३० दिवस आधी उघडतं. चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा. म्हणजे या पौर्णिमेच्या खोल्या मागच्या पौर्णिमेच्या आसपासच उघडणार, दर महिन्याला, न चुकता. गुरुपौर्णिमेच्या खोल्या वटपौर्णिमेला उघडल्या त्या अशाच. त्यामुळे पौर्णिमेच्या दिवशी तुझ्या साइटवर दोन गर्द्या एकावर एक येतात, आज दर्शनाला आलेले, पावती शोधणारे, रस्ता बघणारे, आणि पुढच्या पौर्णिमेसाठी खोली धरणारे. वारांचंही तसंच. ३० म्हणजे चार आठवडे आणि दोन दिवस, म्हणून गुरुवारच्या खोल्या मंगळवार लागताना उघडतात आणि शनिवारच्या खोल्या गुरुवार लागताना. म्हणजे गुरुवार हा तुझा डबल भारी वार, दर्शनाचाही आणि वीकेंडच्या बुकिंगचाही. हे कागदावर मांडलंस की रिकामी जागा आपोआप दिसायला लागते.

पण माझ्या हिशोबावर विश्वास ठेवू नकोस, लॉग बघ, म्हणजे साइटवर कधी काय झालं याची सर्व्हरने ठेवलेली नोंद. दोन महिन्यांचा डेटा घे, तासातासाचा, आणि व्हिजिटपेक्षा पेमेंट किती झाली ते मोज, कारण साइट बघायला आलेला माणूस अर्ध्या तासाने परत येईल पण पैसे देताना अडकलेला माणूस रात्रभर झोपत नाही. शीटमध्ये तारखेशेजारी एक रकाना तिथीचा टाक, हाताने, कालनिर्णय समोर ठेवून. मी एका संस्थेसाठी असं केलं होतं, प्रिंट काढून जमिनीवर पसरली आणि हायलायटरने खुणा केल्या, तर जे नुसत्या तारखांमध्ये कसंही वरखाली दिसत होतं ते तिथी लिहिल्यावर एकदम सरळ झालं. यात दोन गोष्टी फसवतात. एक म्हणजे सर्व्हरचा लॉग बऱ्याचदा यूटीसीत, म्हणजे ग्रीनिचच्या वेळेत, असतो, त्यात साडेपाच तास मिळवायचे, नाहीतर लॉगमधले सकाळचे ९ म्हणजे आपल्याकडचे दुपारचे अडीच हे लक्षात येत नाही आणि सगळाच अंदाज चुकतो. दुसरं, अ‍ॅनालिटिक्समध्ये मागच्या वर्षीशी तुलना करायचं बटण असतं ते तुझ्या कामाचं नाही. २०२५ ला गुरुपौर्णिमा १० जुलैला होती, यंदा अधिक ज्येष्ठ आला म्हणून २९ जुलैला, १९ दिवसांचा फरक. तारखेला तारीख लावलीस तर गर्दीचा दिवस रिकामा दिसेल.

माझा अंदाज सांगू, तुझ्या लॉगमध्ये दुपारी दोन ते चारची वेळ सगळ्यात शांत निघेल. महाप्रसाद झालेला असतो, वयस्कर मंडळी आडवी झालेली असतात, मुलगा किंवा नात संध्याकाळी घरी आल्यावरच "जरा खोली बघ रे" असं म्हणायचं असतं, त्यामुळे बुकिंग संध्याकाळी सातनंतर वाढतं. बाहेरच्या देशातल्या भक्तांचं बघ. सध्या तिकडे उन्हाळ्याची वेळ चालू आहे, त्यामुळे आपल्याकडे दुपारचे अडीच म्हणजे न्यू जर्सीत पहाटेचे ५, कॅलिफोर्नियात रात्रीचे २. तिकडेही सगळे झोपलेले. आणि काका म्हणतायत ते रात्रीचे २ म्हणजे न्यू जर्सीत दुपारचे साडेचार आणि कॅलिफोर्नियात दीड, ऑफिसातून डिसेंबरच्या इंडिया ट्रिपची आखणी करायची हीच वेळ. लंडनला तेव्हा रात्रीचे साडेनऊ, जेवणं झालेली, फोन हातात. म्हणजे रात्री २ ला बंद केलं तर इथले झोपलेले वाचतात पण तिकडचे सगळे सापडतात. दुबई सोडलं तर, दुबई आपल्या दीड तासच मागे आहे.

रात्रीच्या कामाबद्दल माझा स्वतःचा एक वाईट अनुभव आहे तो सांगते, कारण तू एकटा करणार आहेस. काही वर्षांपूर्वी एका क्लासची साइट मी रात्री १ ला हलवायला घेतली. ३:४० ला बॅकअप रिस्टोअर होता होता डिस्क फुल झाली. होस्टिंगच्या सपोर्टला तिकीट टाकलं, उत्तर नाही. डोळे मिटत होते, कुठली फाइल उडवली आणि कुठली ठेवली हे नंतर मलाच सांगता येईना. सकाळी साडेसहाला मुलं हॉलतिकीट काढायला आली तेव्हा पान पांढरं. त्यात माझी चूक कमांड टाइप करण्याची नव्हती, चूक ही होती की मी अशी वेळ निवडली जेव्हा माझ्याशिवाय कोणीच जागं नव्हतं आणि मीही धड जागी नव्हते. दुपारी अडीचला तू जेवून, डोकं ताजं असताना बसशील, व्यवस्थापक काका ऑफिसात असतील, फोन उचलला जाईल, डेव्हलपरला अर्ध्या तासासाठी बोलावता येईल, होस्टिंगवाला चॅटवर असेल. आणि काही बिघडलं तरी संध्याकाळच्या गर्दीला अजून चार तास असतात. नोकरीतून अर्धा दिवस सुट्टी काढायला लागेल, ती काढ, ट्रस्टला तसं स्पष्ट सांग.

वार मंगळवार. सोमवारी वीकेंडचे रिफंड आणि चौकश्या, बुधवारी गुरुवारसाठी मुक्कामाला येणारे काउंटरवर पावत्या दाखवतात, गुरुवार तर नाहीच, आणि शुक्रवारी कधीही मोठं काम काढायचं नाही, पुढचे दोन दिवस माणसं कमी आणि भक्त जास्त. मंगळवारी गुरुवारच्या खोल्या उघडतात हे खरं, पण ती धावपळ १२ ते १ मध्ये संपते, दुपारपर्यंत त्याचं काही उरत नाही. (हे दत्तस्थानाला लागू. गणपतीचं किंवा देवीचं ठिकाण सांभाळणाऱ्या कोणी हे वाचत असेल तर मंगळवार तुमच्यासाठी नाही, आणि अंगारकी असेल तर अजिबातच नाही.)

तारीख म्हणशील तर गुरुपौर्णिमेच्या आधी कशालाही हात लावायचा नाही, प्लगिनचं छोटं अपडेट आलं तरी नाही. त्यात कोणी सुरक्षेची मोठी फट सापडली म्हणालं तरच, आणि तेही बॅकअप घेऊन. ३१ जुलैला प्लॅन संपतोय म्हणून गुरुपौर्णिमेनंतरच्या दोन दिवसांत धावत सर्व्हर बदलणं हा सगळ्यात महागडा पर्याय आहे, त्यापेक्षा जुना प्लॅन एक महिना वाढवून घे, जास्तीचे पैसे गेले तरी चालतील, ट्रस्टींना ३१ जणांचं उदाहरण दे, पटेल. मग मंगळवार ४ ऑगस्ट. आषाढ वद्य चालू असेल, पौर्णिमा होऊन गेलेली, श्रावण १३ ऑगस्टला लागतोय, त्याच्या आधीची ही मोकळी जागा आहे. आणि एक राखीव तारीख आत्ताच ठरवून ठेव, मंगळवार ११ ऑगस्ट. ४ ला जमलं नाही तर ११ ला. त्यापुढे ढकलू नकोस, १५ ऑगस्ट शनिवारी आलाय आणि मग श्रावण. राखीव तारीख हातात असली की ४ ला काही अडलं तर आपण ओढूनताणून पूर्ण करायला जात नाही, शांतपणे मागे फिरतो. हा फार मोठा आधार असतो.

लोकांना कसं सांगायचं याबद्दल पुण्याच्या पाण्याकडे बघ. महापालिका गुरुवारी पंपिंग स्टेशनच्या दुरुस्तीला पाणी बंद ठेवते तेव्हा सूचनेत नुसतं बंद एवढंच नसतं, शुक्रवारी सकाळी उशिरा आणि कमी दाबाने पाणी येईल हेही लिहिलेलं असतं. त्या शेवटच्या ओळीमुळे माणूस बुधवारी रात्रीच पिंप भरून ठेवतो. तुझ्या सूचनेतही तसंच हवं, बंद कधी, चालू कधी, तोवर काय करायचं आणि आधी काय करून ठेवायचं. मी साधारण अशी लिहीन: "मंगळवार ४ ऑगस्टला दुपारी २ ते ४ या वेळेत खोल्यांचं ऑनलाइन बुकिंग बंद राहील. दर्शनाच्या वेळा आणि रस्त्याची माहिती साइटवर दिसत राहील. ४ आणि ५ तारखेला मुक्कामाला येणाऱ्यांनी पावतीचा फोटो आधीच फोनमध्ये ठेवावा. पावती नसली तरी काउंटरवर नाव आणि मोबाइल नंबर सांगितला की खोली मिळेल. अडचण आल्यास ऑफिसला फोन करा, फोन उचलला जाईल." काम पाऊण तासाचं असलं तरी दोन तास लिही, लवकर सुरू झालं तर कोणाची तक्रार नसते. ही पट्टी आठवडाभर आधी बुकिंगच्या पानावर, रकमेच्या वर लाव, होमपेजच्या तळाशी कोणी वाचत नाही. ४ आणि ५ ला ज्यांचं बुकिंग आहे त्यांना वेगळा मेसेज. आणि फोन उचलला जाईल असं लिहिलंस तर खरंच एक माणूस बसव.

काउंटरचं विसरू नकोस, हे सगळे विसरतात. २ वाजता त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी येणाऱ्यांची यादी प्रिंट करून काउंटरवर दे, खोली क्रमांकासकट. साइट बंद असताना दारात आलेला माणूस आणि स्क्रीनकडे बघत बसलेला क्लार्क, हे चित्र व्हायला नको.

आता कसं करायचं. मेगाब्लॉकमध्ये जलद मार्गावर काम असलं की गाड्या धीम्या मार्गावर वळवतात, अख्खी लाइन बंद नाही करत. तू पण अख्खी साइट बंद करू नकोस. माहितीची पानं कॅशमधून, म्हणजे आधीच साठवलेल्या प्रतीतून, दिसू देत, फक्त बुकिंग थांबव. आणि थांबवतानाही आधी नवीन बुकिंग घेणं २ ला बंद कर, जे पेमेंटच्या पानावर आहेत त्यांना अर्धा तास पूर्ण करू दे, गेटवेवर बघ की सगळी पेंडिंग सुटली का, आणि मगच २:३० ला डेटाबेसला, म्हणजे सगळी बुकिंगं जिथे साठवलेली असतात त्याला, हात लाव. म्हणूनच सूचनेच्या पट्टीत बुकिंग २ पासून बंद असं लिहिलंय. त्या रात्री हा अर्धा तास असता तर ३१ पैकी एकाचेही पैसे अडकले नसते.

वर्डप्रेस अपडेटच्या वेळी स्वतःहून जो एका ओळीचा इंग्रजी मजकूर दाखवतं तो बघून आजी घाबरतात, साइट हॅक झाली असं वाटतं लोकांना. डब्ल्यूपी-कंटेंट फोल्डरमध्ये मेंटेनन्स.पीएचपी नावाची फाइल ठेवलीस तर त्याऐवजी तुझं मराठी पान दिसतं, त्यावर वेळ आणि फोन नंबर लिही. फक्त एक, वर्डप्रेसचं मूळ पान ५०३ हा कोड पाठवतं, म्हणजे गूगलला कळतं की हे तात्पुरतं आहे, नंतर ये. तुझी फाइल वापरलीस की तो कोड आणि परत कधी यायचं ते सांगणारा रिट्राय-आफ्टर हेडर तूच पाठवायचा, नाहीतर गूगल "साइट बंद आहे" हेच तुझं होमपेज समजून बसेल. शिवाय वर्डप्रेस अपडेटच्या वेळी साइट बंद असल्याची जी खुणेची फाइल ठेवतं ती १० मिनिटांपेक्षा जुनी झाली की वर्डप्रेस तिच्याकडे दुर्लक्ष करतं आणि साइट उघडी पडते, त्यामुळे दीड तासाच्या कामाला त्यावर विसंबू नकोस, बुकिंगचं बटण प्लगिनच्या सेटिंगमधून किंवा सर्व्हरवरूनच बंद कर.

सर्व्हर बदलताना खरी भीती वेगळीच आहे. डीएनएस, म्हणजे साइटचं नाव कुठल्या सर्व्हरकडे न्यायचं ती नोंद, बदललं तरी काही लोकांचे फोन जुन्याच सर्व्हरवर जात राहतात, जोवर जुना टीटीएल, म्हणजे जुना पत्ता लक्षात ठेवायची मुदत, संपत नाही. बऱ्याच ठिकाणी तो १४४०० किंवा ८६४०० सेकंद असतो, म्हणजे चार तास ते अख्खा दिवस. त्या वेळात जुन्या सर्व्हरवर बुकिंग चालू राहिलं तर एकाच खोलीची दोन बुकिंगं दोन डेटाबेसमध्ये होतात, आणि ते कळतं कधी, तर १५ दिवसांनी दोन कुटुंबं बॅगा घेऊन एकाच दारासमोर उभी राहतात तेव्हा. म्हणून रविवारी २ ऑगस्टलाच टीटीएल ३०० वर आण, आणि ४ ला काम झाल्यावर जुन्या सर्व्हरवर बुकिंग बंदच ठेव, तिथे फक्त "थोड्या वेळाने पुन्हा उघडा" एवढंच दिसू दे.

आणखी दोन जागा जिथे मी लोकांना अडकताना बघितलंय. पेमेंट गेटवेकडे आणि एसएमएस पाठवणाऱ्या कंपनीकडे जुन्या सर्व्हरचा आयपी, म्हणजे नेटवरचा पत्ता, नोंदवलेला असतो, नवा आधीच नोंदवून घे नाहीतर बुकिंग होईल पण मेसेज जाणार नाही, आणि मेसेज न आलेला माणूस दुसऱ्यांदा पैसे भरतो. आणि नवीन सर्व्हरचं घड्याळ. ते यूटीसीवर असेल आणि तारीख उघडायचं काम सर्व्हरच्या क्रॉनने, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप काम करणाऱ्या सोयीने, चालत असेल तर बुकिंग रात्री १२ ऐवजी पहाटे ५:३० ला उघडेल. ४ तारखेच्या रात्री १२ ला जागा राहा आणि डोळ्यांनी बघ.

तालीम आधी कर. पुढच्या रविवारी नवीन सर्व्हरवर साइटची कॉपी उभी कर, तात्पुरत्या पत्त्यावर, आणि सगळं घड्याळ लावून करून बघ, कुठल्या पायरीला किती मिनिटं लागली ते वहीत लिही. बॅकअप घेतला म्हणजे झालं असं नाही, तो तिथे रिस्टोअर होऊन चालला तरच तो बॅकअप. जेवढा वेळ लागला त्याच्या दुप्पट धर. आणि परत फिरायची वेळ आधीच वहीत लिहून ठेव, ३:३०. साडेतीनला नवीन सर्व्हरवर टेस्ट बुकिंग झालं नसेल तर जुनं चालू करायचं, "अजून दहा मिनिटांत होईल" असं वाटलं तरी. ही वेळ व्यवस्थापक काकांना सांगून ठेव, म्हणजे साडेतीनला ते विचारतील. एकट्याने ठरवलं की आपण ती पाळत नाही.

डेव्हलपर म्हणतो ते खोटं नाही, एक मिनिटही बंद न ठेवता करता येतं, पण त्याला दोन सर्व्हर, डेटाबेसची चालती प्रत आणि ते सगळं सांभाळणारा माणूस लागतो. ट्रस्टींना असा हिशोब सांग: महिन्यातून एकदा ठरवून, सांगून, ४० मिनिटं बुकिंग बंद ठेवलं तर वर्षाला ८ तास होतात, आणि वर्षभरात ९९.९ टक्के वेळ चालू म्हणजे सुमारे पावणेनऊ तास बंद चालतं. भक्तनिवासाला हे भरपूर आहे. कोषाध्यक्षांना आठवत असेल, २३ मे २०२१ ला रिझर्व्ह बँकेने एनईएफटी मध्यरात्रीपासून दुपारी २ पर्यंत बंद ठेवलं होतं, रविवार बघून, आधी जाहीर करून, आणि त्या वेळात आरटीजीएस चालू होतं. सांगून बंद ठेवण्यात कमीपणा काही नाही.

जमलं तर एक गोष्ट ट्रस्टपुढे मांडच. बुकिंग रात्री १२ ला का उघडतं? कोणीतरी प्लगिनमध्ये तसंच राहू दिलं म्हणून, दुसरं कारण मला दिसत नाही. सत्तरीच्या माणसाला खोलीसाठी मध्यरात्रीपर्यंत जागवायचं, आणि अडलं तर ऑफिसात फोन उचलायला कोणी नाही. सकाळी १० ला उघडा. काउंटर चालू असतं, फोनवर माणूस असतो, ज्याला मोबाइल जमत नाही तो शेजारच्या मुलाला बोलावू शकतो. हा बदल मात्र सर्व्हर बदलायच्या दिवशी करू नकोस, एका वेळी एकच. सप्टेंबरमध्ये कर, १५ दिवस आधी सांगून.

४ तारखेला झालं की लगेच पट्टी काढू नकोस. ऑफिसचा वायफाय बंद करून मोबाइल डेटावर, एखाद्या जुन्या अँड्रॉइड फोनवरून, खरी खोली खऱ्या पैशांनी बुक कर, मेसेज आला का, पावती उघडते का, काउंटरच्या यादीत नाव दिसतंय का, मग रिफंड टाकून तोही बघ. तेच न्यू जर्सीतल्या एखाद्या ओळखीच्या भक्ताला त्याच्या सकाळी करून बघायला सांग, म्हणजे आपली संध्याकाळ. मग पट्टी काढ, टीटीएल परत वाढव, आणि जुना सर्व्हर महिना संपेपर्यंत तसाच राहू दे. आरतीनंतर आठ वाजता गेटवे एकदा उघड आणि पेमेंट आणि बुकिंग यांची संख्या जुळते का बघ. जुळली की मला दोन ओळी टाक, आणि नाशिकच्या आजींना खोली मिळाली का तेही लिही.